मुलाचं हसू एका बाजूला जातंय? किशोरवयात कोणते उपचार, कधी आणि कुठे

शादीचे फोटो घरात आले की एक गोष्ट हमखास दिसते. सगळे दिलखुलास हसताहेत आणि चौदा-पंधरा वर्षांची लेक मात्र ओढणीचं टोक तोंडापुढे धरून उभी आहे. मुलगा असेल तर तो ओठ घट्ट मिटून उभा राहतो. विचारलं तर उत्तर मिळतं, "माझं हसणं वाकडं दिसतं." घरातले मोठे म्हणतात, "काही नाही, वय वाढलं की आपोआप बसेल." कधी बसतं, बऱ्याचदा बसत नाही. आणि जेव्हा मुलीच्या रिश्त्याची गोष्ट सुरू होते तेव्हा घाईघाईने डॉक्टर शोधला जातो. तोपर्यंत सोप्या उपचाराची वेळ निघून गेलेली असते.

या विषयावर आमच्याकडे पालकांचे प्रश्न सतत येतात. तार लावावी का? कोणत्या वयात? ऑपरेशन लागतं का? घाटीत होतं का? शरीअतमध्ये चालतं का? म्हणून आम्ही ही माहिती एकाच ठिकाणी मांडत आहोत. हा लेख डॉक्टरची जागा घेणार नाही. पण डॉक्टरसमोर बसल्यावर काय विचारायचं आणि कोणत्या गोष्टीत उशीर करायचा नाही, एवढं यातून नक्की कळेल.

सर्वात आधी: वाकडं नक्की काय आहे?

"हसू वाकडं" हे एकच वाक्य आहे, पण त्यामागची कारणं निदान पाच. दात, जबडा, हिरडी, ओठ आणि चेहऱ्याची नस. प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा आणि उपचारही वेगळा. त्यामुळे शेजारच्या मुलाला तार लावून फायदा झाला म्हणून आपल्यालाही तारच लागेल असं नाही.

घरी एवढं करून पाहा. मुलाला खिडकीसमोर उजेडात बसवा आणि समोरून तीन फोटो काढा: तोंड मिटलेलं, हलकं हसताना आणि दात पूर्ण दिसतील असं मोठं हसताना. मग बघा.

- तोंड मिटलेलं असताना चेहरा सरळ दिसतो, फक्त दात वेडेवाकडे आहेत. इथे प्रश्न बहुतेक दातांचा असतो.
- तोंड मिटलेलं असतानाही हनुवटी एका बाजूला सरकलेली दिसते. इथे जबड्याचा विचार करावा लागतो.
- दात सरळ आहेत, पण एका बाजूला हिरडी जास्त दिसते. कारण हिरडीत किंवा ओठाच्या हालचालीत असू शकतं.
- हसताना ओठाची एकच बाजू उचलली जाते, दुसरी जागची हलत नाही. चेहऱ्याची नस किंवा स्नायू तपासायला हवा.
- जुने फोटो काढून बघा. पाच वर्षांपूर्वीही असंच होतं, की हे हळूहळू वाढत चाललंय, की कालपरवा अचानक झालं? डॉक्टरला या उत्तराचा सर्वात जास्त उपयोग होतो.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. कोणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी अगदी सारखा नसतो. थोडा फरक असणं हीच अल्लाहची रचना आहे. मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यात चेहरा उलटा आणि जवळून दिसतो, त्यामुळे फरक आहे त्याहून मोठा वाटतो. फोटोतल्या किरकोळ फरकासाठी उपचाराची गरज नसते. चावताना, बोलताना, तोंड उघडताना त्रास होत असेल किंवा मूल लोकांत मिसळणंच टाळू लागलं असेल तर मात्र दाखवलं पाहिजे.

कारण पहिलं: दात

सर्वात जास्त मुलांमध्ये कारण हेच असतं. जबडा लहान आणि दात मोठे असले की दात एकमेकांवर चढतात. दुधाचे दात किडून लवकर काढावे लागले की बाजूचे दात त्या रिकाम्या जागेत सरकतात आणि पक्क्या दाताला जागा उरत नाही. "दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत" असं म्हणून कीड तशीच ठेवली तर पुढे हाच खर्च वाढतो. अंगठा चोखण्याची सवय, टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्यामुळे तोंडाने श्वास घेणं, ही कारणंही आहेत.

सुळ्याच्या दाताकडे खास लक्ष द्या. वरचा सुळा साधारण ११ ते १२ वर्षांत बाहेर येतो. एका बाजूचा आला आणि दुसऱ्या बाजूचा तेरा वर्षं उलटली तरी आला नाही, तर तो हाडात आडवा अडकलेला असू शकतो. एक्स-रे काढला की कळतं. वेळेत कळलं तर छोटी शस्त्रक्रिया करून तारेने तो दात ओढून जागेवर आणता येतो. दुर्लक्ष झालं तर तोच सुळा शेजारच्या चांगल्या दाताचं मूळ झिजवू शकतो.

दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाला ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. बीडीएस झाल्यावर या विषयात तीन वर्षांचं एमडीएस केलेला डॉक्टर. दातांवर छोटे चौकोनी ठोकळे चिकटवतात आणि त्यातून तार ओवतात. ती तार सतत हलका दाब देते. दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवं हाड तयार होतं आणि दात हळूहळू सरकतो. हे काम हाडाच्या गतीनेच होतं. म्हणून साधारण दीड ते दोन वर्षं लागतात आणि चार ते सहा आठवड्यांनी डॉक्टरकडे जावं लागतं. "तीन महिन्यांत दात सरळ" अशी जाहिरात दिसली तर सावध राहा.

तारांचे प्रकार असे:

- धातूची तार. सर्वात जुनी, मजबूत आणि सर्वात स्वस्त. अवघड केसमध्येही चालते. दिसते, एवढाच तोटा.
- सिरॅमिक. ठोकळे दाताच्या रंगाचे असतात. कमी दिसतात, पण महाग आणि थोडे नाजूक.
- आतल्या बाजूची तार. बाहेरून अजिबात दिसत नाही. सुरुवातीला जिभेला टोचते, बोलताना त्रास होतो. खर्च खूप जास्त आणि हे काम करणारे डॉक्टर कमी.
- अलायनर. पारदर्शक साचे, थोड्या थोड्या दिवसांनी बदलायचे. दिवसात २० ते २२ तास घालावेच लागतात. खाताना काढायचे, परत घालायचे. जे मूल शाळेत डबा खाऊन अलायनर रुमालात गुंडाळून विसरतं, त्याच्यासाठी हे पैसे पाण्यात जातात. खूप वाकड्या दातांत एकट्या अलायनरने काम भागत नाही.

दात खूप दाटीवाटीने असतील तर डॉक्टर दाढेच्या पुढचे दोन किंवा चार चांगले दात काढायला सांगू शकतात. हे ऐकून पालक घाबरतात. पण जागाच नसेल तर दात सरळ बसणार कुठे? मात्र हा निर्णय एक्स-रे, दातांचा साचा आणि मोजमाप यांवर घेतलेला असावा. ते न करता "काढून टाकू" म्हणत असतील तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

तार काढली म्हणजे उपचार संपला असं नाही. दात आपल्या जुन्या जागी परत जायला बघतात. त्यासाठी रिटेनर असतो, आधी काही महिने जवळजवळ पूर्णवेळ आणि मग रात्री झोपताना. दोन वर्षं तार घालून रिटेनर सोडला म्हणून पुन्हा वाकडे झालेले दात आपल्या आसपासच बघायला मिळतात. मुलीचं लग्न झालं की रिटेनर माहेरच्या कपाटात राहतो, असं होऊ देऊ नका.

दात सरळ आहे पण तुटलेला, छोटा किंवा डागाळलेला आहे, अशा वेळी दाताच्या रंगाचा मसाला भरून आकार नीट करता येतो. मराठवाडा-विदर्भाच्या काही भागांत, उदाहरणार्थ नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांत, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात. त्यावरही उपचार आहेत. पण दात घासून त्यावर कॅप बसवण्याची घाई किशोरवयात करू नये. या वयात दाताची नस मोठी असते आणि हिरडीची जागाही बदलत असते. दात पडला असेल तर इम्प्लांटसाठीही वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. तोपर्यंत तात्पुरता दात लावता येतो.

कारण दुसरं: जबडा

इथे वेळ फार महत्त्वाची आहे. वरचा जबडा अरुंद असला की मूल चावताना खालचा जबडा एका बाजूला सरकवून चावतं. लहानपणी ही फक्त सवय असते. तशीच राहिली तर हाडही तसंच वाढतं आणि हनुवटी कायमची सरकते. टाळू रुंद करणारं साधन लावून हे लवकर दुरुस्त करता येतं. साधारण १५-१६ वर्षांनंतर टाळूच्या मधला सांधा पक्का होत जातो आणि तेच काम कठीण होतं.

खालचा जबडा मागे राहिलेला असेल, पुढचे दात बाहेर आलेले असतील, तर वाढीच्या वयात ट्विन ब्लॉकसारखी काढता-घालता येणारी साधनं लावतात. मुलींची वाढ साधारण १० ते १२ आणि मुलांची १२ ते १४ या वयात जोरात असते. या साधनांचा खरा उपयोग त्याच काळात होतो. म्हणून दातांच्या तज्ज्ञाला पहिल्यांदा सातव्या वर्षाच्या आसपास दाखवावं असं सांगितलं जातं. तेव्हाच तार लावायची असते असं नाही, पण पुढे काय होणार याचा अंदाज येतो.

लहानपणी गच्चीवरून, जिन्यावरून हनुवटीवर पडलेल्या मुलांकडे लक्ष ठेवा. वरून जखम छोटी दिसते, पण कानापुढचा जबड्याचा सांधा मोडलेला असू शकतो. तो सांधा चिकटला तर तोंड उघडणं कमी होत जातं आणि त्या बाजूचा जबडा वाढत नाही. वर्षं गेली की चेहरा एका बाजूला झुकतो. बरीच वर्षं कान वाहत असलेल्या मुलांतही हे होऊ शकतं. मुलाला आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालता येत नसतील तर दंत महाविद्यालयातील ओरल सर्जरी विभागात दाखवा.

काही मुलांत उलटं होतं. एका बाजूचा जबडा थांबायच्या वेळी थांबत नाही, वाढतच राहतो. अशा वेळी सहा-सहा महिन्यांनी फोटो आणि मोजमाप घेतात, गरज पडल्यास हाडाचा स्कॅन करतात आणि वाढ थांबल्याची खात्री झाल्यावर शस्त्रक्रिया ठरवतात.

जबड्याची मोठी शस्त्रक्रिया वाढ पूर्ण झाल्यावरच, म्हणजे मुलींमध्ये साधारण १६-१७ नंतर आणि मुलांमध्ये १८ च्या पुढे करतात. आधी केली आणि हाड पुन्हा वाढलं तर मेहनत वाया जाते. शस्त्रक्रिया तोंडाच्या आतून होते, त्यामुळे बाहेर सहसा व्रण दिसत नाही. तिच्याआधी आणि नंतर तारही लागते. ओठ किंवा हनुवटी काही काळ बधीर राहू शकते, हे आधीच विचारून घ्यावं.

कारण तिसरं: हिरडी आणि ओठ

काहींच्या दातांवर हिरडी जास्त खाली उतरलेली असते, त्यामुळे दात आखूड आणि एका बाजूला उंच-सखल दिसतात. कधी तारेच्या काळात ब्रश नीट न केल्याने हिरडी सुजून वाढते. त्यावर पहिला उपचार म्हणजे सफाई. सूज उतरली की निम्मं काम होतं. उरलेली हिरडी हिरडीतज्ज्ञ छोट्या शस्त्रक्रियेने किंवा लेझरने सारखी करतात. दात पूर्ण बाहेर येईपर्यंत, म्हणजे बहुधा अठराच्या आसपासपर्यंत, थांबण्याचा सल्ला दिला जातो. मोठ्यांसाठी ओठाच्या स्नायूत इंजेक्शन देतात, ज्याचा परिणाम काही महिनेच टिकतो. मुलांसाठी त्याच्या नादी लागू नये.

कारण चौथं: चेहऱ्याची नस

हा भाग कृपया घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

रात्री नीट झोपलेलं मूल सकाळी उठतं आणि तोंड वाकडं झालेलं असतं. एक डोळा मिटत नाही, चूळ भरताना पाणी एका बाजूने गळतं. आपल्याकडे म्हणतात "हवा लागली" किंवा "लकवा मारला". मग कोणी मालिशवाल्याकडे नेतं, कोणी ताविजसाठी धावतं. यात दोन-चार दिवस जातात. दुआ जरूर करा, पण त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

बऱ्याचदा हा बेल्स पाल्सी नावाचा आजार असतो. चेहऱ्याच्या नसेला सूज येते. मोठ्या माणसांत पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या तर फायदा होतो. मुलांपैकी बहुतेक काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बरी होतात, औषध द्यायचं की नाही ते डॉक्टर तपासून ठरवतात. पण डोळ्याची काळजी लगेच घ्यावी लागते. डोळा मिटत नसेल तर तो कोरडा पडून बुबुळाला जखम होते. त्यासाठी दिवसा थेंब, रात्री मलम आणि डोळ्यावर पट्टी.

कान वाहत असताना तोंड वाकडं झालं तर कानाच्या डॉक्टरला तातडीने दाखवा. आतला संसर्ग नसेपर्यंत पोहोचलेला असू शकतो. आणि तोंड वाकडं होण्यासोबत हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, तीव्र डोकेदुखी, झटके किंवा गुंगी असेल तर एक मिनिट न घालवता मोठ्या दवाखान्यात न्या. १०८ ही रुग्णवाहिका सेवा मोफत आहे.

जन्मापासूनच रडताना किंवा हसताना खालच्या ओठाची एक बाजू उतरत नसेल, तर तिथला एक छोटा स्नायू कमी विकसित झालेला असू शकतो. तो त्रास वाढत नाही. सहसा उपचाराची गरजही नसते, पण हृदयाची एकदा तपासणी केलेली बरी, कारण काही मुलांत दोन्ही दोष सोबत आढळतात.

कारण पाचवं: जन्मतः फाटलेला ओठ

ओठ शिवलेला आहे, पण हसताना वर ओढला जातो, नाक एका बाजूला बसलेलं आहे. पालकांना वाटतं लहानपणी ऑपरेशन झालं म्हणजे विषय संपला. खरं तर हा उपचार टप्प्याटप्प्याने चालतो. ओठ साधारण ३ ते ६ महिन्यांत, टाळू वर्षाच्या आसपास, हिरडीच्या फटीत हाड भरणं साधारण ८ ते ११ वर्षांत सुळा येण्याआधी, मग तार, आणि वाढ पूर्ण झाल्यावर नाक, ओठ किंवा जबड्याची अंतिम दुरुस्ती. यातला एखादा टप्पा राहून गेला असेल तर किशोरवयातही बरंच काही करता येतं.

केंद्र सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे आणि फाटलेला ओठ-टाळू त्यात येतो. सरकारी आणि अनुदानित शाळांत त्याची पथकं तपासणीला येतात. त्या दिवशी मूल शाळेत हजर असेल याची काळजी घ्या. स्माईल ट्रेन ही संस्थाही देशभरातल्या भागीदार रुग्णालयांतून या मुलांवर मोफत शस्त्रक्रिया करवते.

आपल्या शहरात कुठे जायचं?

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आपल्या औरंगाबादेत, घाटीच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. १९८२ मध्ये सुरू झालेलं हे महाविद्यालय राज्यातल्या मोजक्या सरकारी दंत महाविद्यालयांपैकी एक. जालना, बीड, परभणी इथूनही लोक येतात. इथे दात सरळ करणं, हिरडी, मुलांचे दात, ओरल सर्जरी असे वेगवेगळे विभाग आहेत. म्हणजे कारण दातात असो की जबड्यात, एका विभागातून दुसऱ्याकडे पाठवलं जातं. चेहऱ्याच्या नसेसाठी किंवा कानासाठी शेजारीच घाटी रुग्णालय आहे.

खासगीत पैठण रोडवर कांचनवाडीला सीएसएमएसएस दंत महाविद्यालय आहे. सर्वसाधारणपणे सरकारी महाविद्यालयात खर्च सर्वात कमी, खासगी महाविद्यालयात मध्यम आणि खासगी क्लिनिकमध्ये जास्त असतो. महाविद्यालयात एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, त्यामुळे वेळ थोडा जास्त जातो आणि नंबर लावावा लागतो. रोशन गेट, कटकट गेट, किराडपुऱ्यातून घाटी काही लांब नाही. दर महिन्याची फेरी करता येणं हा मोठा फायदा आहे, कारण अर्धवट सोडलेली तार न लावलेल्या तारेपेक्षा वाईट.

जाताना सकाळी लवकर जा. मुलाचं आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने एक्स-रे, लहानपणीच्या ऑपरेशनचे कागद आणि जुने दोन-तीन फोटो सोबत ठेवा. शस्त्रक्रिया सांगितली गेली तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे लेखी विचारून घ्या.

पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा:

- कारण नेमकं काय आहे? दात, जबडा की दोन्ही?
- आत्ता न करता दोन वर्षांनी केलं तर काय बिघडेल?
- एकूण खर्च किती? एक्स-रे, दात काढणं, तुटलेला ठोकळा परत बसवणं आणि रिटेनर त्यात धरलेत का?
- हप्ते पाडता येतील का?
- उपचार कोण करणार? तज्ज्ञ स्वतः, की महिन्यातून एकदा बाहेरून येणारा डॉक्टर?

शरीअतचा प्रश्न

बऱ्याच अम्मी-अब्बूंच्या मनात हे असतं: अल्लाहच्या रचनेत बदल तर होत नाही ना? हदीसमध्ये केवळ सौंदर्यासाठी दातांत मुद्दाम फटी पाडून घेण्याला सक्त मनाई आहे. दुसरीकडे अरफजा बिन असअद या सहाबींचं नाक लढाईत कापलं गेलं, चांदीच्या नाकाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी त्यांना सोन्याचं नाक लावायला सांगितलं, हेही हदीसमध्येच आहे. या दोन्हींवरून उलेमांनी फरक केला आहे. दोष, आजार किंवा दुखापत दुरुस्त करणं हा इलाज आहे. निरोगी अवयव केवळ फॅशनसाठी बदलणं वेगळं. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००७ मध्ये मलेशियातल्या पुत्राजाया इथल्या अधिवेशनात फाटलेला ओठ, नाकाचा मोठा वाकडेपणा, जास्तीचे दात अशा जन्मजात दोषांची दुरुस्ती जायज ठरवली. आपल्या केसबद्दल शंका असेल तर डॉक्टरचा कागद घेऊन जवळच्या मुफ्तींना विचारा.

वुजू-गुस्लबद्दलही विचारणा होते. चिकटवलेली तार सहज निघत नाही, त्यामुळे ती असताना गुस्ल होतं असं उलेमा सर्वसाधारणपणे सांगतात. काढता येणारा अलायनर किंवा रिटेनर मात्र गुस्लच्या वेळी काढून कुल्ली करावी.

आणि एक प्रश्न आम्हाला खटकतो: "मुलगी नकाबमध्येच असते, तिच्या दातांवर एवढा खर्च कशाला?" दात फक्त दाखवण्यासाठी नसतात. वेडेवाकडे दात नीट साफ होत नाहीत, किडतात, हिरड्या खराब होतात, चावणं बिघडतं. आणि घरात, मैत्रिणींत, पुढे आपल्या मुलांसमोर तिलाही हसायचंच आहे. मुलाला जो इलाज, तोच मुलीला.

रमजान, दस्तरखान आणि तार

तार घट्ट केल्यावर तीन-चार दिवस दात दुखतात. म्हणून रमजानात शक्यतो तारीख अशी घ्या की दुखायला लागलं तर इफ्तारनंतर गोळी घेता येईल. सहरीनंतर आणि इफ्तारनंतर ब्रश करायलाच हवा. मिस्वाक सुन्नत आहे आणि दातांना चांगलीही, पण तारेच्या फटीत अडकलेलं अन्न काढायला छोटा ब्रश वेगळा लागतो. खजूर बिया काढून, छोटे तुकडे करून खा, कारण ती तारेला चिकटते.

नान-खलिया सोडायची गरज नाही. नान रश्श्यात भिजवून, बोटी सोडवून खा. नळी दाताने फोडणं, बर्फ, चिक्की, भाजलेले दाणे, ऊस हे बंद. पेरू, सफरचंद कापून खा. एक ठोकळा तुटला की एक फेरी वाढते.

या गोष्टी अजिबात करू नका

मोबाईलवर बघून दातांतली फट मिटवायला रबर बँड बांधणं. ते रबर हळूच हिरडीत शिरून मुळापर्यंत जातं आणि चांगला दात हलून पडतो. ऑनलाइन मिळणाऱ्या "फॅशन" तारा चिकटवणं. दंत परिषदेची नोंदणी नसलेल्या माणसाकडून स्वस्तात तार बसवणं. नोंदणी क्रमांक विचारण्यात लाज कसली?

आणि गुटखा, मावा, सुपारी. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी आपल्या गल्लीत तो कोणाच्या खिशात असतो हे सगळ्यांना माहीत आहे. सुपारीने गालाची आतली त्वचा कडक होते आणि तोंड उघडणं कमी होत जातं. शाळकरी मुलांतही हे दिसतं. गेलेलं तोंड पूर्ण परत येत नाही आणि पुढे कॅन्सरचा धोका असतो. अशा तोंडात तार लावणारा डॉक्टरही हात टेकतो.

क्रिकेट खेळताना पुढचा दात मुळासकट पडला तर तो वरच्या भागाला धरून उचला, मूळ घासू नका. दुधाच्या वाटीत टाका आणि अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोहोचा. वाचण्याची शक्यता चांगली असते. हा नियम फक्त पक्क्या दातासाठी, दुधाचा दात परत बसवत नाहीत.

शेवटी

वय थोडक्यात लक्षात ठेवा. सातव्या वर्षी एकदा दाखवा. १० ते १४ हे जबड्याची दिशा बदलण्याचं वय. १२ ते १७ हे तारेसाठी सोयीचं. १८ च्या आसपास आणि पुढे हिरडी, इम्प्लांट, जबड्याची शस्त्रक्रिया. वय निघून गेलं असेल तरी निराश होऊ नका, तार मोठेपणीही लागते, फक्त वेळ जास्त जातो.

आणि मुलाला चिडवणं आजच थांबवा. "दाते", "वाकड्या" ही नावं घरातूनच गल्लीत जातात. ओढणीआड हसणाऱ्या लेकीला आधी एवढंच सांगा की तिच्या चेहऱ्यात लपवण्यासारखं काही नाही. मग सोमवारी सकाळी कागदांची पिशवी घ्या आणि तिला घेऊन निघा.